व्हीडीआरएलचा रिपोर्ट कसा वाचायचा?

गरोदरपणाची नोंदणी झाली की पहिल्याच तपासणीत रक्त घेतलं जातं. हिमोग्लोबिन, रक्तगट, साखर, एचआयव्ही, कावीळ ब, आणि त्याच यादीत व्हीडीआरएल. बहुतेकींच्या रिपोर्टवर त्यापुढे ‘नॉन-रिॲक्टिव्ह’ असं छापून येतं आणि कागद फाइलला लागतो. एखादीच्या रिपोर्टवर मात्र ‘रिॲक्टिव्ह, १:४’ असं येतं. मग घरात जे सुरू होतं त्यातलं काहीही त्या कागदावर लिहिलेलं नसतं. कुणी नवऱ्याला जाब विचारतं, कुणी सुनेच्या माहेरावर घसरतं, कुणी रिपोर्ट लपवून ठेवतं. उपचाराचे दिवस यातच निघून जातात.

असं होण्याचं एक कारण शरम आहे. दुसरं कारण असं, की ही चाचणी नेमकं काय मोजते हे कुणी समजावून सांगितलेलंच नसतं. प्रत्येक चाचणी एका ठरावीक प्रश्नाचं उत्तर देते. प्रश्न कळला, तर उत्तराचा अर्थ लावता येतो. लैंगिक संबंधांतून पसरणाऱ्या आजारांचं निदान कसं होतं आणि त्यांचा मागोवा कसा घेतला जातो, हे समजून घ्यायला व्हीडीआरएलइतकी चांगली सुरुवात दुसरी नाही.

जंतू थेट का पकडता येत नाही

व्हीडीआरएल ही सिफिलिसची चाचणी. पुस्तकात या आजाराला उपदंश म्हणतात, जुनी माणसं गरमी म्हणत. त्याचा जंतू ट्रेपोनेमा पॅलिडम. फ्रिट्झ शाउडिन आणि एरिक हॉफमन यांनी तो १९०५ साली बर्लिनमध्ये शोधला. हा जंतू लांब, पिळदार आणि इतका बारीक असतो, की त्याची जाडी मिलिमीटरच्या पाच हजाराव्या भागाच्या आसपास भरते. साध्या सूक्ष्मदर्शकाखाली तो दिसत नाही. पार्श्वभूमी काळी ठेवून फक्त जंतूवरून परावर्तित झालेला प्रकाश पाहायची ‘डार्क-फील्ड’ पद्धत वापरली, तर जखमेतल्या ताज्या स्रावात तो वळवळताना दिसतो. त्यासाठी जखम ओली हवी, नमुना काही मिनिटांतच पाहायला हवा आणि पाहणारा सरावाचा हवा.

दुसरी अडचण अशी, की प्रयोगशाळेत हा जंतू सहज वाढत नाही. घशातल्या किंवा लघवीतल्या बऱ्याच जंतूंचं ‘कल्चर’ एकदोन दिवसांत होतं. सिफिलिसच्या जंतूला एकदा दुप्पट व्हायलाच तीस तासांहून जास्त वेळ लागतो. तो दीर्घकाळ बशीत वाढवण्यात अमेरिकेतल्या ह्यूस्टनच्या संशोधकांना यश आलं ते २०१८ साली. तोपर्यंत संशोधनासाठी लागणारे जंतू सशांच्या शरीरात वाढवले जात. रोजच्या निदानासाठी कल्चर आजही उपयोगाचं नाही.

तिसरी अडचण आजाराच्या चालीची आहे. संसर्गानंतर सरासरी तीन आठवड्यांनी, कधी नऊ दिवसांत तर कधी तीन महिन्यांनी, जननेंद्रियावर, गुदद्वारापाशी किंवा तोंडात एक फोड येतो. तो बहुधा दुखत नाही. योनीच्या आत आला, तर बाईला कळतही नाही. उपचार न करता तीन ते सहा आठवड्यांत तो भरून येतो आणि माणसाला वाटतं, बरं झालं. पुढे अंगावर पुरळ येतं. तळहातावर आणि तळपायावरसुद्धा येतं हे त्याचं खास लक्षण. सोबत ताप आणि गाठी येतात, आणि तेही ओसरतं. त्यानंतर वर्षानुवर्षं काहीच दिसत नाही. उपचार न झालेल्यांपैकी काहींना अनेक वर्षांनी हृदय, महाधमनी आणि मेंदू यांचा गंभीर आजार होतो. डोळे, कान आणि मेंदूला इजा मात्र कोणत्याही टप्प्यात होऊ शकते.

थोडक्यात, या आजाराच्या बऱ्याचशा काळात पाहण्यासारखी जखमच नसते. तेव्हा शोध घ्यावा लागतो तो रक्तात.

रक्तातली खूण

ऑगस्ट फॉन वासरमन, आल्बर्ट नायसर आणि कार्ल ब्रुक यांनी १९०६ साली रक्ताची पहिली चाचणी मांडली. सिफिलिसने दगावलेल्या अर्भकाच्या यकृताचा अर्क त्यांनी वापरला, कारण त्यात जंतू खच्चून असतात. रुग्णाच्या रक्तातली प्रतिपिंडं, म्हणजे जंतूशी लढायला शरीर तयार करतं ती प्रथिनं, या अर्काला चिकटतील असा त्यांचा तर्क होता. चाचणी लागू पडली. पण लवकरच लक्षात आलं, की निरोगी प्राण्याच्या अवयवाचा अर्क घेतला तरी ती तशीच लागू पडते. म्हणजे ती प्रतिपिंडं जंतूविरुद्धची नव्हती. मग कशाविरुद्धची?

याचं उत्तर १९४१ साली मिळालं. मेरी पॅंगबॉर्न यांनी बैलाच्या हृदयातून एक स्निग्ध पदार्थ वेगळा काढला. त्याचं नाव कार्डिओलिपिन. सिफिलिसमध्ये पेशींची मोडतोड होते, तेव्हा असे स्निग्ध पदार्थ बाहेर पडतात आणि शरीर त्यांच्याविरुद्ध प्रतिपिंडं बनवतं. शुद्ध कार्डिओलिपिन हाताशी आल्यावर अमेरिकेच्या सार्वजनिक आरोग्य खात्याच्या ‘व्हेनेरियल डिसीज रिसर्च लॅबोरेटरी’त १९४६ साली नवी चाचणी तयार झाली. त्या प्रयोगशाळेच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरं म्हणजेच व्हीडीआरएल.

चाचणी करतात ती अशी. रक्त गोठू देऊन वरचा पिवळसर द्रव, म्हणजे सीरम, वेगळा काढतात. तो ५६ अंश सेल्सिअसला अर्धा तास तापवतात, म्हणजे त्यातले अडथळा आणणारे घटक निकामी होतात. काचपट्टीवर आखलेल्या गोलात सीरमचा थेंब ठेवतात आणि त्यात कार्डिओलिपिन, लेसिथिन व कोलेस्टेरॉलच्या मिश्रणाचा थेंब टाकतात. पट्टी यंत्रावर मिनिटाला १८० फेऱ्यांच्या वेगाने चार मिनिटं फिरवतात आणि लगेच सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. प्रतिपिंडं असली, तर दूध नासताना जशा कण्या धरतात तसे त्या मिश्रणात पुंजके दिसतात. नसली, तर मिश्रण एकसारखं राहतं.

आरपीआर ही याच चाचणीची सुटसुटीत बहीण. तिच्यात कोळशाचे अतिसूक्ष्म कण मिसळलेले असतात, त्यामुळे पांढऱ्या कार्डावर काळे पुंजके नुसत्या डोळ्यांनी दिसतात. सीरम तापवावा लागत नाही, सूक्ष्मदर्शक लागत नाही. दोन्ही चाचण्यांचं तत्त्व एकच आहे आणि दोन्ही स्वस्त आहेत.

‘रिॲक्टिव्ह’ म्हणजे सिफिलिसच असं नाही

व्हीडीआरएल जंतू पाहत नाही आणि जंतूविरुद्धची प्रतिपिंडंही पाहत नाही. शरीरात झालेल्या मोडतोडीची खूण ती पाहते. अशी मोडतोड इतर कारणांनीही होते. मलेरिया, कुष्ठरोग, क्षयरोग, काही विषाणूजन्य ताप, ल्युपससारखे आजार, शिरेतून घेतलेली नशेची इंजेक्शनं, वाढतं वय, आणि कधीकधी नुसतं गरोदरपण, यांत व्हीडीआरएल खोटी ‘रिॲक्टिव्ह’ येऊ शकते. अशा वेळी रिपोर्टवरचा आकडा (त्याचा अर्थ पुढे पाहू) बहुतेक वेळा लहान असतो, १:१ ते १:८ च्या दरम्यान.

म्हणून दुसरी चाचणी लागते, आणि ती जंतूविरुद्धच्या प्रतिपिंडांचीच असावी लागते. आपल्याकडे टीपीएचए ही बऱ्याच ठिकाणी होते. यात लाल रक्तपेशींवर सिफिलिसच्या जंतूंचे अंश चढवलेले असतात. सीरममध्ये खरी प्रतिपिंडं असली, तर या पेशी एकमेकींना धरतात आणि खळग्याच्या तळाशी पसरट थर होऊन बसतात. नसली, तर घसरून मधोमध एक घट्ट ठिपका होतो.

दोन्ही निकाल शेजारी ठेवले, की चार शक्यता उरतात. दोन्ही नॉन-रिॲक्टिव्ह असतील, तर बहुतेक वेळा आजार नाही. संसर्ग अगदी ताजा असेल तरच अपवाद. व्हीडीआरएल रिॲक्टिव्ह आणि टीपीएचए नॉन-रिॲक्टिव्ह असेल, तर ती बहुधा खोटी खूण आहे, आणि संशय उरला तर काही आठवड्यांनी पुन्हा तपासतात. दोन्ही रिॲक्टिव्ह असतील, तर सिफिलिस आता आहे किंवा पूर्वी होऊन गेला आहे. पूर्वी पुरेसा उपचार झाल्याची नोंद नसेल तर उपचार द्यायचाच. व्हीडीआरएल नॉन-रिॲक्टिव्ह आणि टीपीएचए रिॲक्टिव्ह असेल, तर पूर्वी उपचार झालेला आजार, अगदी सुरुवातीचा आजार किंवा फार जुना, मुरलेला आजार यांपैकी काहीतरी आहे. तेव्हा डॉक्टरांना पूर्वेतिहास विचारावा लागतो. तो खरा सांगितला, तर निर्णय सोपा होतो.

टीपीएचए एकदा रिॲक्टिव्ह झाली, की बहुतेकांत ती जन्मभर तशीच राहते, पूर्ण बरं झाल्यावरही. म्हणून परदेशी नोकरीसाठी किंवा रक्तदानाच्या वेळी केलेल्या तपासणीत जुना, बरा झालेला आजार पुन्हा कागदावर येतो. अशा माणसाने उपचाराचे जुने कागद जपून ठेवावेत.

उलट बाजूचीही काळजी घ्यावी लागते. फोड नुकताच आला असताना व्हीडीआरएल चार-पाच रुग्णांतल्या एखाद्याला चुकवते, कारण प्रतिपिंडं अजून तयार व्हायची असतात. दुसऱ्या टप्प्यात ती जवळजवळ सगळ्यांना पकडते. त्याच टप्प्यात क्वचित प्रतिपिंडं इतकी जास्त असतात, की पुंजके धरतच नाहीत आणि निकाल चुकून नॉन-रिॲक्टिव्ह येतो. सीरम पातळ करून पाहिलं की खरा निकाल दिसतो. म्हणून लक्षणं स्पष्ट असतील, तर डॉक्टरांनी प्रयोगशाळेला तसं कळवलं पाहिजे.

१:४ या आकड्याचा अर्थ

रिॲक्टिव्ह आलेलं सीरम प्रयोगशाळा टप्प्याटप्प्याने पातळ करत जाते: निम्मं, पाव, एक अष्टमांश, एक सोळांश. ज्या शेवटच्या पायरीवर पुंजके दिसतात, ती पायरी रिपोर्टवर लिहितात. १:४ म्हणजे चौपट पातळ केल्यावरही खूण दिसली. १:३२ म्हणजे बत्तीसपट पातळ करूनही दिसली. दुसरा आकडा जास्त सक्रिय आजाराकडे बोट दाखवतो.

या आकड्याचा खरा उपयोग उपचारानंतर होतो. उपचार म्हणजे बेंझाथिन पेनिसिलिन. आजार सुरुवातीच्या टप्प्यात असेल, तर २४ लाख युनिटांचा एकच डोस स्नायूत देतात. आजार जुना असेल किंवा कधीचा ते ठरवता येत नसेल, तर दर आठवड्याला एक असे तीन डोस देतात. १९४३ साली पेनिसिलिन या आजारावर पहिल्यांदा वापरलं गेलं, आणि इतक्या वर्षांत सिफिलिसच्या जंतूत पेनिसिलिनला दाद न देणारी जात सापडलेली नाही. संसर्गजन्य आजारांत असं भाग्य फार थोड्यांच्या वाट्याला आलं आहे.

इंजेक्शननंतर सहा महिन्यांनी आणि वर्षाने व्हीडीआरएल पुन्हा करतात. आकडा दोन पायऱ्या खाली आला, म्हणजे १:३२ चा १:८ झाला, तर उपचार लागू पडला असं धरतात. दोन पायऱ्या वर गेला, तर पुन्हा संसर्ग झाला असावा किंवा उपचार अपुरा पडला असावा. एका पायरीचा फरक मोजणीतलाच असू शकतो, त्याला महत्त्व देत नाहीत. व्हीडीआरएल आणि आरपीआरचे आकडे एकमेकांशी ताडूनही चालत नाही. पहिली चाचणी ज्या पद्धतीने केली त्याच पद्धतीने, आणि शक्यतो त्याच प्रयोगशाळेत, पुढच्या चाचण्या कराव्यात. काही जणांत पूर्ण उपचारानंतरही १:१ किंवा १:२ अशी बारीक खूण वर्षानुवर्षं राहते. ती आजार परतल्याची खूण नव्हे.

पोटातल्या बाळासाठी

गरोदरपणात ही तपासणी करण्यामागचं कारण सरळ आहे. सिफिलिसचा जंतू वारेतून बाळापर्यंत पोहोचतो. आईवर उपचार झाला नाही, तर अशा गरोदरपणांतल्या निम्म्याहून अधिकांत काहीतरी अघटित घडतं: गर्भपात, मृत बाळ, अपुऱ्या दिवसांचं बाळ किंवा जन्मतः आजारी बाळ. हे सगळं एका स्वस्त इंजेक्शनने टळू शकतं. मात्र ते वेळेवर, म्हणजे बाळंतपणाच्या किमान ३० दिवस आधी सुरू व्हायला हवं. गरोदर बाईला पेनिसिलिनऐवजी दुसरं औषध देऊन बाळाचं खात्रीने रक्षण होत नाही. तिला पेनिसिलिनची ॲलर्जी असेल, तर रुग्णालयात हळूहळू मात्रा वाढवत शरीराला सवय लावून पेनिसिलिनच देतात.

दिवस जाऊ नयेत म्हणून गेल्या काही वर्षांत झटपट चाचण्या आल्या. बोटाच्या टोकातून एक थेंब रक्त घेऊन पट्टीवर टाकलं, की पंधरा-वीस मिनिटांत रेघ उमटते. वीज नको, यंत्र नको, त्यामुळे उपकेंद्रावरची परिचारिका (एएनएम) सुद्धा ती करू शकते. एकाच पट्टीवर एचआयव्ही आणि सिफिलिस दोन्ही दाखवणारी जोडचाचणी गरोदर स्त्रियांसाठी पहिली चाचणी म्हणून वापरावी, अशी शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली केली. ही पट्टी जंतूविरुद्धची प्रतिपिंडं दाखवते, म्हणून जुना बरा झालेला आजार आणि आताचा आजार यांतला फरक तिला कळत नाही. तरीही गरोदर बाईत पट्टीवर रेघ आली, तर त्याच दिवशी पहिलं इंजेक्शन द्यावं असं धोरण आहे. एक अनावश्यक इंजेक्शन परवडतं, एक बाळ गमावणं परवडत नाही.

बाळाचं निदान आणखी नाजूक असतं, कारण आईची प्रतिपिंडं वारेतून बाळाच्या रक्तात आलेलीच असतात. बाळाची चाचणी रिॲक्टिव्ह आली एवढ्यावरून काही ठरत नाही. बाळाचा आकडा आईच्या आकड्याच्या चौपट किंवा जास्त असेल, किंवा बाळात लक्षणं असतील, तर संसर्ग धरतात. आईकडून आलेली व्हीडीआरएलची खूण तीन महिन्यांत उतरू लागते आणि सहा महिन्यांत जाते.

दर लाख जिवंत जन्मांमागे जन्मजात सिफिलिसच्या ५० पेक्षा जास्त घटना नसाव्यात आणि किमान ९५ टक्के गरोदर स्त्रियांची तपासणी व बाधितांवर उपचार व्हावेत, हा जागतिक आरोग्य संघटनेचा निकष आहे. क्युबाने तो २०१५ साली, थायलंडने २०१६ साली आणि श्रीलंकेने २०१९ साली पूर्ण केला. श्रीलंका आपली शेजारीण आहे आणि श्रीमंत देश नाही. तिला जमलं ते आपल्यालाही जमलं पाहिजे.

परमा आणि क्लॅमिडिया: वेगळा जंतू, वेगळा नमुना

सिफिलिस रक्तात शोधतात, म्हणून सगळेच लैंगिक आजार रक्तात सापडतील असं वाटतं. तसं नाही. परमा, म्हणजे गोनोरिया, आणि क्लॅमिडिया हे आजार मूत्रमार्ग, गर्भाशयाचं मुख, घसा आणि गुदद्वार यांच्या अस्तरात राहतात. नमुना तिथलाच घ्यावा लागतो.

पुरुषाला पू येत असेल, तर त्या पुवाचा थेंब काचपट्टीवर घेऊन ग्रॅम पद्धतीने रंगवला, की पेशींच्या आत जोडीजोडीने बसलेले गुलाबी जंतू दिसतात आणि निदान तिथल्या तिथे होतं. बाईच्या बाबतीत हीच पद्धत निम्म्या वेळा फसते. क्लॅमिडियात तर बहुसंख्य स्त्रियांना काहीच त्रास होत नाही. आजार मुकाट्याने वर सरकतो, गर्भनलिका खराब करतो आणि वंध्यत्वाचं कारण ठरतो.

यावरचा उपाय म्हणजे जंतूची जनुकं शोधणारी चाचणी. पीसीआर या नावाने ती कोविडच्या काळात सर्वांना माहीत झाली. जंतूच्या डीएनएचा एक ठरावीक तुकडा निवडायचा आणि तो प्रत्येक फेरीत दुप्पट करत जायचा. तीस फेऱ्यांत एका तुकड्याचे शंभर कोटींहून अधिक तुकडे होतात आणि मग ते यंत्राला दिसतात. पुरुषाची लघवी चालते, पण धारेच्या सुरुवातीचीच, आणि त्याआधी तासभर लघवी केलेली नसावी. स्त्रीसाठी लघवीपेक्षा योनीतला नमुना चांगला. तो तिने स्वतः कापसाच्या काडीने घेतला, तरी निकाल तितकाच विश्वासार्ह येतो. परीक्षणाच्या टेबलावर झोपायला संकोचणाऱ्या कितीतरी जणींसाठी ही मोठी सोय आहे. उपचारानंतर लगेच ही चाचणी पुन्हा करू नये, कारण मेलेल्या जंतूंचा डीएनए काही आठवडे सापडत राहतो.

अशी चाचणी महाग आहे आणि सगळीकडे होत नाही. म्हणून लैंगिक आजारांसाठीच्या सरकारी ‘सुरक्षा क्लिनिक’मध्ये लक्षणांवरून उपचाराची पद्धत आहे. लक्षणांचे गट पाडून प्रत्येकासाठी रंगीत पाकिटात औषधं ठेवलेली असतात: मूत्रमार्गातून पू येत असेल तर करडं पाकीट, योनीतून स्राव जात असेल तर हिरवं, जननेंद्रियावर जखम असेल तर पांढरं, नागिणीच्या जातीचे फोड असतील तर लाल. रुग्ण त्याच दिवशी औषध घेऊन जातो, हा या पद्धतीचा मोठा गुण. ज्याला लक्षणंच नाहीत तो तिच्या हाती लागत नाही, हा तिचा मोठा दोष.

हा दोष किती मोठा आहे, हे गडचिरोलीने जगाला दाखवलं. डॉ. राणी बंग, डॉ. अभय बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन गावांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी केली. तक्रार असो वा नसो, गावातल्या बायकांना त्यांनी अभ्यासात धरलं. ९२ टक्के स्त्रियांना एक तरी स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार निघाला. यापूर्वी कधी तरी तपासणी झालेल्या होत्या फक्त ८ टक्के. १९८९ साली ‘लॅन्सेट’मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध झाला आणि ग्रामीण बाईचं आरोग्य म्हणजे फक्त बाळंतपण, ही जगभरची समजूत हलली. दवाखान्यात येणाऱ्यांचीच मोजणी केली, तर न येणाऱ्यांचं दुखणं कधीच मोजलं जात नाही.

एका रुग्णापासून साथीपर्यंत

मागोवा सुरू होतो तो जोडीदारापासून. एकट्याने औषध घेतलं आणि जोडीदार तसाच राहिला, तर आजार घरातल्या घरात परत येतो. सिफिलिसचा फोड असेल, तर मागच्या तीन महिन्यांतल्या, पुरळ असेल तर सहा महिन्यांतल्या जोडीदारांना तपासणीसाठी बोलावतात. रुग्णाने स्वतः सांगायचं, किंवा समुपदेशकाने रुग्णाचं नाव न घेता कळवायचं, असे दोन्ही मार्ग असतात.

पुढची पायरी म्हणजे ठरावीक केंद्रांवर, ठरावीक काळात, सारख्याच पद्धतीने नमुने तपासत राहणं. त्यातून कोणाला धोका आहे हे कळतं, आणि ते आपल्या समजुतीच्या उलट असू शकतं. पुण्यातल्या राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेच्या डॉ. रमण गंगाखेडकर आणि सहकाऱ्यांनी १९९३ ते १९९६ या काळात पुण्यातल्या गुप्तरोग चिकित्सालयांत आलेल्या स्त्रियांची तपासणी केली. देहविक्रय न करणाऱ्या स्त्रियांपैकी १३.६ टक्के एचआयव्हीबाधित निघाल्या. विवाहित, नवऱ्याशिवाय दुसरा संबंध नसलेल्या स्त्रियांपर्यंत विषाणू पोहोचला होता. १९९७ साली हे प्रसिद्ध झालं, तेव्हा ‘धोका फक्त वाईट चालीच्या लोकांना’ या समजाला आधार उरला नाही.

मागोवा चाचणीच्या उणिवाही उघड करतो. २००६ साली स्वीडनच्या हॅलंड प्रांतात क्लॅमिडियाचे रुग्ण अचानक घटले. आनंद मानण्याऐवजी तिथल्या तज्ज्ञांनी कारण शोधलं. जंतूच्या डीएनएतून ३७७ अक्षरांचा एक तुकडा गळालेली नवी जात पसरली होती, आणि वापरात असलेल्या दोन चाचण्या नेमका तोच तुकडा शोधत होत्या. जंतू होता, चाचणीला तो दिसत नव्हता. त्यानंतर जंतूची दोन वेगवेगळी ठिकाणं एकदम तपासणाऱ्या चाचण्या वापरात आल्या.

परम्याच्या बाबतीत मागोवा औषधांचा घ्यावा लागतो. सल्फा, पेनिसिलिन, टेट्रासायक्लिन, सिप्रोफ्लॉक्सॅसिन अशी एकेक औषधं या जंतूने निकामी केली. सेफ्ट्रायॲक्सोन या शेवटच्या भरवशाच्या औषधाला दाद न देणारी जात २००९ साली जपानमधल्या क्योटोत सापडली. पीसीआर जंतू आहे एवढंच सांगते. कोणतं औषध लागू पडेल हे पाहायला जंतू जिवंत वाढवावा लागतो. म्हणून झटपट चाचण्यांच्या काळातही काही प्रयोगशाळांनी कल्चर सोडून चालत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या देखरेख जाळ्यात आपल्याकडून दिल्लीचं सफदरजंग रुग्णालय हे काम करतं.

मागोवा घेणाऱ्यांवर एक बंधनही आहे. अमेरिकेतल्या टस्कीगी इथे १९३२ ते १९७२ अशी चाळीस वर्षं सिफिलिस झालेल्या सुमारे ४०० कृष्णवर्णीय पुरुषांचं नुसतं निरीक्षण केलं गेलं. पेनिसिलिन सर्रास मिळू लागल्यावरही त्यांना ते दिलं नाही. रुग्णाची संमती, गुप्तता आणि उपचार यांच्याविना घेतलेला मागोवा हा अपराध आहे, हा धडा त्यातून जगाने घेतला. लोकांचा विश्वास गेला, की ते तपासणीला येत नाहीत आणि मग कोणतीही चाचणी कामाची राहत नाही.

वाचणाऱ्यांसाठी

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२० साली जगात सिफिलिस, परमा, क्लॅमिडिया आणि ट्रायकोमोनियासिस या चार आजारांचे मिळून ३७ कोटींहून अधिक नवे संसर्ग झाले, म्हणजे रोज दहा लाखांवर. चारही आजार औषधाने बरे होतात. इतक्या लोकांना होणारा आजार एखाद्याच्या चारित्र्याचा दाखला ठरू शकत नाही.

तेव्हा रिपोर्टवर ‘रिॲक्टिव्ह’ दिसलं, तर आधी दुसरी, खात्रीची चाचणी करून घ्या. गरोदर असाल, तर त्या चाचणीसाठी पेनिसिलिन थांबवू नका. जोडीदाराला सोबत न्या. उपचारानंतर सहा महिन्यांनी आणि वर्षाने त्याच पद्धतीने आकडा पुन्हा मोजा आणि कागद जपून ठेवा. फोड आपोआप भरला म्हणून गप्प बसू नका, आणि औषधाच्या दुकानातून अंदाजाने गोळ्या घेऊ नका. जिल्हा रुग्णालयातल्या सुरक्षा क्लिनिकमध्ये तपासणी व औषधं मोफत मिळतात, आणि १०९७ या मोफत क्रमांकावर नाव न सांगता विचारता येतं. घरात कुणाचा असा रिपोर्ट आला, तर कुणाचा दोष हे ठरवण्याआधी त्या माणसाला दवाखान्यात घेऊन जा.